सरकलेला लाल

"हा कोण?" उपाध्ये सरांनी विचारलं.

माझ्या लॅपटॉपवर एक धिप्पाड इसम छाती फुगवून उभा होता. सर मान वळवून डोळ्याच्या कडेनं त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध खराब झाले होते. समोरचं दिसायचं नाही, बाजूचं थोडंफार दिसायचं. त्यामुळे बोलत असत एकाशी आणि बघत असत भलतीकडेच. नव्या माणसाला वाटे, आपला काहीतरी अपमान चाललाय.

"वादळ्या, सर. आपला वादळ्या."

"ह्याला जेवायला काय घालता?"

स्वयंपाकघरातून त्यांच्या सूनबाई, त्रिशलाताई, फिसकन हसल्या. मीही हसलो. हसण्यावाचून इलाज नव्हता. त्या चित्रावर मुंबईत सहा जण तीन महिने खपले होते, आणि पिक्चरचा लेखक म्हणून मी ते सरांकडून पसंत करून घ्यायला मिरजेला आलो होतो. पसंती हे निमित्त. माझ्या बॅगेत संमतिपत्राच्या दोन प्रती होत्या. त्यांवर सरांची सही घ्यायची आणि संध्याकाळच्या बसनं परत फिरायचं, एवढंच माझं काम होतं. दोन हजार सात साल होतं ते. मी तेहेतीस वर्षांचा होतो आणि हा माझा पहिला मोठा पिक्चर होता.

"आमचा वादळ्या हवामान खात्यात कारकून," सर म्हणाले. "सकाळी पाऊस मोजायचा आणि दुपारी गुंडांना हाणायचा. कोपरं बाहेर आलेली. गालफडं बसलेली. हा म्हणजे तालमीचा मालक वाटतोय."

"पडद्यावर जरा भारदस्त दिसावा लागतो, सर."

"असेल. मी काय पिक्चर काढलेला माणूस नव्हे. सावली दाखवा."

सावलीबद्दल सांगायला हवं. त्या काळात लहान नसलेल्यांना ते कळायचं नाही. 'सागरगोटे' नावाचं मुलांचं मासिक मिरजेहून निघत असे. त्यात दर महिन्याला आठ पानं वादळ्याची असत. चित्रं शांतिनाथ उपाध्ये यांची, गोष्टही त्यांचीच. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. छपाई दोन रंगांत व्हायची, काळा आणि लाल. वादळ्याचा मुखवटा लाल, अंगरखा लाल. पण तो लाल रंग रेषेच्या आत कधी बसायचाच नाही. काळ्या रेषांचा वादळ्या एकीकडे आणि त्याचा लाल आकार त्याच्यापासून जरासा सुटून दुसरीकडे. हीच त्याची शक्ती. वादळ्याच्या आधी त्याची लाल सावली निघायची, आधी पोचायची, आधी हाणायची. तो चिडला की ती लांब झेपावायची, घाबरला की त्याच्या पाठीशी लपायची. आम्ही कराडची पोरं ती पानं श्वास रोखून वाचत असू.

आणि मग मे त्र्याऐंशीचा अंक आला. धरणाच्या दरवाजाशी वादळ्या उभा, पाणी अंगावर येतंय, आणि त्याची सावली त्याच्या अंगात शिरलेली. लाल रंग रेषेच्या आत अगदी तंतोतंत. शक्ती गेली. नुसता माणूस उरला. मी नऊ वर्षांचा होतो, माळ्यावर जाऊन रडलो. त्यानंतर वादळ्या कधी आलाच नाही. आपण लेखक व्हायचं हे मी त्या पानामुळे ठरवलं असं मी लोकांना सांगत असे, आणि ते खरंही होतं. माझी सगळी पटकथा त्या पानावर उभी होती. पिक्चरचं शेवटचं दृश्य तेच.

मी लॅपटॉपवर ते दृश्य लावलं. सरांनी नाक पडद्याला टेकवून, मान फिरवून, दोनदा बघितलं.

"सर, एकच विचारायचं होतं," मी म्हणालो. चोवीस वर्षं हा प्रश्न माझ्या पोटात होता. "शेवटी सावली परत अंगात घालायची, हे तुम्हाला सुचलं कसं?"

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"सही कुठं करायची?"

मी घाईनं कागद काढले. त्यांनी भिंग मागवलं आणि एक प्रत तिरकी धरून एकेक शब्द वाचायला सुरुवात केली. पान दीडच होतं, पण पंधरा मिनिटं गेली. चहा आला, गार झाला.

"यात 'एकमेव निर्माता' असं लिहिलंय."

"वकिली भाषा असते, सर. त्यांना तसंच लागतं."

"भाषा नव्हे. खोटं आहे ते." ते उठले, खुंटीवरची टोपी चाचपून काढली. "चला. रिक्षा बोलवा."

"कुठं, सर?"

"दस्तगीरकडं."

त्रिशलाताई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "मामंजी, तिकडं? आज?"

"तिन्हीसांजेच्या आत जेवायला परत येतोय. काळजी नको."

सर पायरीवर चपला शोधत होते तेवढ्यात ताईंनी मला हळूच सांगितलं, "छापखान्यातले मशीनमन आहेत ते. चोवीस वर्षांत मामंजी त्यांच्याकडे गेलेले नाहीत. बाजारात जायचं तर ती गल्ली नको म्हणून वळसा घालून जातात."

"भांडण झालं होतं का?"

"भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं."

रिक्षात सरांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. दर्ग्याच्या अलीकडे वळलो तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "भोपळे दिसतात का?" दिसत होते. सतार करणाऱ्यांच्या घरांवर मोठाले भोपळे वाळत घातले होते. "मग आलोच," ते म्हणाले आणि त्यांची पकड आणखी घट्ट झाली. हा माणूस घाबरलाय, हे मला तेव्हा कळलं.

दस्तगीर मुतवल्ली ओट्यावर बसून शाळेच्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवत होते. काटकुळे, पांढरी दाढी, उजव्या हाताची तर्जनी पेरापासून तुटलेली. ती मशीननं खाल्लेली. त्यांनी आधी मला बघितलं, मग सरांना, आणि खळीची वाटी बाजूला ठेवून उभे राहिले.

"मास्तर."

"दस्तगीर."

 दस्तगीरमामांनी आतून खुर्ची आणली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि सरांचा हात धरून त्यांना बसवलं. मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"डोळ्याला काय झालं?"

"मधलं गेलं. कडेचं दिसतं."

"मंग मशीनवर चाललं असतं तुमचं. आमाला कडच बघायची असतीय."

सर हसले नाहीत. "हे उन्मेष. मुंबईचे लेखक. वादळ्यावर पिक्चर काढतायत. ह्यांनी मला विचारलं, शेवटच्या अंकात सावली अंगात का शिरली. काय सांगू ह्यांना?"

दस्तगीरमामांनी एक पुस्तक उचललं, त्याची कड अंगठ्यानं दाबत बसले. "सांगा की. तुमीच छापलं हुतं पत्रांच्या उत्तरात. वादळ्यानं गावासाठनं शक्ती देऊन टाकली म्हनून."

"तू सांग."

"मी काय सांगू? मी छापनारा मानूस."

"पहिल्यापासनं सांग. तिसऱ्या अंकापासनं."

मग त्यांनी सांगितलं, अगदी रेंगाळत, मधेच एखादा पुठ्ठा चिकटवत. पायानं चालवायचं मशीन. आधी सगळे कागद काळ्यात छापायचे, वाळवायचे, मग लाल ब्लॉक चढवून तेच कागद परत छापायचे. कागद हातानं लावायचा, तीन पिनांना टेकवून. पिना हलल्या की रंग हलला.

"तिसऱ्या अंकाला धाकटीला ताप हुता. तीन दिस झोप न्हाई. पिना ढिल्या हायत ध्यानातच आलं न्हाई. सगळी पानं छापून झाल्यावर बघतोय तर लाल दोन सूत सरकलेला. मालकांनी मला काय काय म्हटलं ते सांगत न्हाई. दुसरा कागद नव्हता. तसाच अंक गेला."

"आणि पोस्टकार्डं आली," सर म्हणाले.

"पोतंभर आली. चिपळूनच्या एका पोरीनं इचारलं हुतं, वादळ्याच्या आदी त्येचा लाल जीव फुडं जातो का?"

मी ओट्यावरून पुढे सरकलो.

"मग मास्तर आले मशीनवर," दस्तगीरमामा आता जरा रंगात आले. "म्हनले, दस्तगीर, पोरांना हे आवडलंय, दर महिन्याला सरकव. किती सरकवू? तर म्हनले, तू बघ. ते चित्र सरळ काढून द्यायचे. मी पान वाचायचो. चौथी शिकलोय मी. न्हाई कळलं तर थोरलीला इचारायचो, हितं वादळ्या भ्यालाय का गं? भ्यालाय म्हनली तर पट्टी मागं. एका पानाला एक पट्टी."

"कसली पट्टी?"

ते आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या, बोटभर लांब, कमीजास्त जाडीच्या, शाईनं काळ्या पडलेल्या. पिनेच्या आणि कागदाच्या मध्ये ही पट्टी ठेवायची, म्हणजे कागद तेवढाच हटतो. प्रत्येकीवर पेन्सिलीनं, मुलीच्या वळणदार अक्षरात, एकेक शब्द होता. राग. भीती. धीर. एक नुसती 'धावपळ'. आणि एक जरा निराळी, तिरकी कापलेली. तिच्यावर लिहिलं होतं, आई.

"ही कशाला?"

"त्येची आई पानावर आली की ही लावायची. सावली खाली यायची जराशी. पायाजवळ बसल्यागत."

सरांनी मान झटकन फिरवली. "आईची पट्टी निराळी होती?"

"हुती की."

"मला ठाऊक नव्हतं."

"तुमी कधी इचारलं न्हाई."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. 

"आता मी सांगतो," सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, तोंड मात्र भिंतीकडे होतं. "सांगलीला सत्कार झाला माझा. मोठे पाहुणे आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, उपाध्ये, ही सावलीची कल्पना तुम्हाला सुचली कशी? माईक माझ्या हातात. दस्तगीर चौथ्या रांगेत बसलेला, नवा सदरा घालून."

"नवा न्हाई. ईदचा हुता."

"ईदचा. मी म्हणालो, एकदा संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर माझी स्वतःची सावली बघून सुचली. टाळ्या पडल्या. मला ते बोलताना खरंच वाटायला लागलं होतं. मी घाट सुद्धा वर्णन करून सांगितला."

दर्ग्याच्या बाजूनं फेरीवाल्याची हाळी येत होती. 

"दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं. खरं तर मला उत्तर कळलं होतं.

"दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो," दस्तगीरमामा म्हणाले. "डबा उघडला न्हाई. मशीनमनचं काम काय? रंगात रंग बसवायचा. केसभर हलू द्यायचा न्हाई. बसवला. आठी पानं. मालक खूश झाले. म्हनले, दस्तगीर, आज कुठं नीट छापलंस बघ."

म्हणजे धरणाच्या दरवाजाशी वादळ्यानं शक्ती दिलीच नव्हती. मी माळ्यावर बसून रडलो ते एका अपमान झालेल्या माणसानं त्या दिवशी पिना घट्ट केल्या म्हणून. माझा पिक्चर, माझं लेखक होणं, सगळं त्यावर उभं. मला हसावं की काय करावं कळेना. मी पट्ट्या एकेक करून डब्यात ठेवत बसलो.

"ती गोष्ट तिथं संपणार नव्हती," सर म्हणाले. "पुढच्या अंकात तो दरवाजा बंद करणार होता. मी अंक उघडून बघितला आणि मला कळलं. नुसतं मशीनवर जाऊन म्हणायचं होतं, दस्तगीर, दोन सूत सरकव. पण तसं म्हणायचं म्हणजे ते तुझं आहे हे कबूल करायचं. जीभ रेटली नाही माझी. पुढची पानं काढायला बसलो तर हात चालेना. पोरांची पत्रं आली, काय झालं वादळ्याला. मग लिहून टाकलं, शक्ती दिली. आणि त्याचंही लोकांनी कौतुकच केलं."

"जाऊ द्या, मास्तर. लई दिस झालं."

"जाऊ द्यायला नाही आलो." सरांनी हात पुढे केला. "पेन द्या, उन्मेष."

मी बॅगेतून काढलेली ती प्रत त्यांनी पुस्तकांच्या चळतीवर ठेवली, भिंग लावलं आणि 'एकमेव' या शब्दावर आडवी रेघ मारली. मग समासात लिहायला लागले. ओळ वर चढत गेली, अक्षरं एकमेकांवर बसली, पण वाचता येत होतं. 'दस्तगीर अब्बास मुतवल्ली आणि मी, असे दोघे या पात्राचे निर्माते आहोत.' खाली सही केली.

"पिक्चरच्या पहिल्या पाटीवर दोन नावं. आधी त्याचं, मग माझं."

"छापनाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर तळाला असतंय," दस्तगीरमामा म्हणाले.

"गप बस तू." आल्यापासून पहिल्यांदाच सरांच्या आवाजात जुन्या दोस्तीचा दम आला होता. मग ते माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या डाव्या कानाकडे. "डॉक्टर म्हणतात, वर्षभरात कडेचंही जाईल. जाऊ दे. एवढी एक पाटी बघायला मिळावी. त्याच्या शेजारी बसून. तेवढ्यासाठीच मी तुम्हाला घरात घेतलं, नाहीतर मला पिक्चरचं काही नव्हतं."

मी "हो सर" म्हणालो आणि मुंबईला कळवून येतो असं सांगून गल्लीच्या तोंडाशी गेलो. कळवण्यासारखी बातमी आहे असं मला खरंच वाटत होतं. शलाका मॅडम, आमच्या निर्मात्या, खूश होतील असंही वाटलं. इतकी सुंदर गोष्ट आयती हाती आली होती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा "अरे वा" सुद्धा म्हणाल्या.

"उन्मेष, गोष्ट फार छान आहे. मुलाखतीत सांगू कधीतरी. पण कागदावर नको."

"त्यांनी तसं लिहूनच सही केलीय, मॅडम."

"म्हणजे पात्र नक्की कुणाचं ते ठरलेलं नाही असा अर्थ झाला. उद्या आपले वकील हेच म्हणतील. मग त्या गृहस्थांची सही, त्यांच्या मुलींची, छापखान्याच्या मालकाच्या वारसांची. अठरा तारखेला शूटिंग आहे."

"पण ते खरं आहे, मॅडम."

"मी खोटं कुठं म्हणतेय? तुला दोन प्रती दिल्यात ना? दुसरी कोरी आहे ना?"

मी "आहे" म्हणालो.

"कोरी प्रत सही होऊन आली तर अठराला शूटिंग. नाहीतर माझ्याकडे दुसरी पटकथा तयार आहे, दुसऱ्या लेखकाची. बघ. मी तुला जबरदस्ती करत नाही."

त्यांनी खरोखरच जबरदस्ती केली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला उलटंच सांगत होतो.

परत आलो तेव्हा दोघं म्हातारे कशावर तरी खो खो हसत होते. मालकांच्या विगबद्दल काहीतरी होतं. सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दस्तगीरमामांनी आतून शिरखुर्म्याच्या वाट्या आणवल्या होत्या. सर वाटी तोंडाला लावून पीत होते.

"काय म्हणाल्या तुमच्या मॅडम?"

"छान गोष्ट आहे म्हणाल्या." हे खरं होतं. मी बॅगेतून दुसरी प्रत काढली. "सर, ही दुसरी. हिच्यावर पण एक सही लागेल."

"परत सगळं लिहू?" त्यांनी भिंग शोधायला हात फिरवला. भिंग माझ्या गुडघ्याजवळ होतं.

"नको सर. मी करून घेतलंय."

"तशीच आहे ना? दोन्हीत तेच?"

गल्लीत एक पोरगी दोरीच्या उड्या मारत मोठ्यांदा मोजत होती. तिचं एकवीस, बावीस, तेवीस मला अजून ऐकू येतं.

"हो सर."

मी त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. त्यांनी सही केली, पहिलीपेक्षा नीट. मी कागद उचलला तेव्हा माझं लक्ष दस्तगीरमामांकडे गेलं. ते कागदाकडे बघत होते. दीडच पान, समास पांढरा स्वच्छ. पन्नास वर्षं कागद बघितलेल्या माणसाला तेवढं पुरे होतं. त्यांनी वर माझ्या तोंडाकडे बघितलं, मग सरांकडे. सर वाटीच्या तळाचा खजूर बोटानं काढून खात होते, ओठाला लागलेलं दूध पुसायचंही भान नव्हतं.

दस्तगीरमामा काहीच बोलले नाहीत.

रेघ मारलेली प्रत मी सरांना दिली, तुमच्याजवळ राहू द्या म्हणून. निघताना मामांनी पट्ट्यांचा डबा माझ्या हातात ठेवला. "तुमच्या त्या पोरांना दावा. तुमची सावली सारखी फुडंच पळतीया. भ्याला की मागं यायला पायजे. आन् आईजवळ खाली."

मी तो डबाही घेतला.

पिक्चर दुसऱ्या वर्षी आला. चालला. लोकांनी सगळ्यात जास्त नाव काढलं ते सावलीचं. ती नुसती पळत नाही, अभिनय करते, असं पेपरात छापून आलं. आमच्या कॉम्प्युटरवाल्या मुलांनी त्या पट्ट्या मोजून मोजून काम केलं होतं.

सांगलीच्या थिएटरात सकाळी अकराला खास खेळ ठेवला होता. शलाका मॅडम म्हणाल्या, तू जा, तुझीच माणसं आहेत. मी काहीतरी आजार काढून टाळू शकलो असतो. गेलो. सर आणि दस्तगीरमामा एका रिक्षातून आले. सरांना आता जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मामांनी पांढरा सदरा घातला होता, नुकती घडी मोडलेला, कडक इस्त्रीचा. चौथ्या रांगेत नको म्हणून त्यांनी सरांना अगदी पुढे नेऊन बसवलं. मी त्यांच्या मागच्या रांगेत बसलो.

अंधार झाला. ढगांचा गडगडाट, काळा पडदा, आणि पहिली पाटी आली. 'वादळ्या या पात्राचे जनक'. खाली एकच नाव. तीन सेकंद. मी ते एडिटिंगच्या वेळी मोजलं होतं.

"आलं का रे?" सरांनी विचारलं. त्यांचा चेहरा बाजूच्या भिंतीकडे होता.

"आलं, मास्तर."

"दोन्ही?"

"दोन्ही. माजं आदी, मंग तुमचं. मोठ्या अक्षरात हाय."

सरांनी चाचपडत त्यांचा गुडघा शोधला, त्यावर हात ठेवला आणि मध्यंतरापर्यंत काढला नाही. पिक्चर मी बघितला नाही. मी त्या हाताकडे बघत होतो.

खेळ संपल्यावर बाहेर सरांभोवती माणसं जमली. कुणी पाया पडत होतं, कुणी फोटो काढत होतं. सर सगळ्यांना सांगत होते, "आम्ही दोघांनी केलं हो. वाचलंत ना पाटीवर?" आणि माणसं नुसतीच माना हलवत होती, म्हातारपणाचं बोलणं म्हणून. मी खांबाआड उभा होतो. दस्तगीरमामा मला शोधत तिथं आले.

मी पिशवीतून डबा काढला. "मामा, हा तुमचा. आणि ते नावाचं..."

त्यांनी तुटकं बोट वर केलं. मी थांबलो.

"डबा ऱ्हाऊ द्या. आईजवळ सावली खाली बसली, बघितलं मी. झकास केलंसा." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "आन् सगळंच लई नीट बसवलंयसा, सायेब. कुठं केसभर हलू दिलं न्हाई."

पलीकडे सर हाका मारत होते. मामा वळले आणि त्यांचा हात धरायला गेले. पुढं पायऱ्या होत्या.